शिवणखोलीतला एसी

मित्रांनो, खिडकीत बसवायचे ते चौकोनी, अवजड एसी तुम्ही कधी पाहिले आहेत का? पुढून जाळी, मागून घराबाहेर निघालेलं पोट आणि उजव्या हाताला दोन गोल बटणं. हल्ली ते फारसे दिसत नाहीत. मी त्यांच्यातलाच एक, आता पुरता जुना झालेला. माझा रंग मुळात पांढरा होता, आता त्यावर पिवळी झाक आली आहे. माझ्या आवाजाबद्दल तर न बोललेलंच बरं. पण माझं आयुष्य वाईट गेलं नाही. ज्या खोलीत ते गेलं, तिची आठवण अजून निघते, आणि निघाली की लवकर संपत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथं छताला इतके दिवे होते की दिवस कधी मावळतो ते कळायचंच नाही. कुणी तांब्याच्या नळ्या वाकवल्या, कुणी त्या पातळ पत्र्यांच्या चवडीतून ओवल्या, कुणी माझ्या पोटात कॉम्प्रेसर बसवला. कॉम्प्रेसर म्हणजे आमचं काळीजच म्हणा ना. तो गॅस दाबतो, नळ्यांतून खेळवतो, आणि त्या फिरत्या गॅसच्या जोरावर आम्ही खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. शेवटी एका बाईनं माझ्या प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला आणि डोळे बारीक करून पाहिलं. कुठंही बुडबुडा आला नाही, म्हणजे गॅस गळत नव्हता. तिनं माझ्या पाठीवर एक टिचकी मारली आणि मला पुढं ढकललं. मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

काही दिवस दुकानात धूळ खाल्ल्यावर मी एका घरी आलो. दुसऱ्या मजल्यावरचं घर, माणसं चार. वहिनी, तिचा नवरा, त्याची धाकटी बहीण आणि शाळेत जाणारी लेक. लेकीची ती आत्या, म्हणून सगळेच तिला आत्या म्हणायचे. आणि आत्या आपल्या भावाला दादा आणि भावजयीला वहिनी म्हणायची, म्हणून मीही त्यांना त्याच नावांनी ओळखू लागलो. दादा एका गोदामात देखरेखीला होते. वहिनी आणि आत्या घरीच कपडे शिवायच्या. कापणं आणि मशीन चालवणं वहिनीकडे, काज-बटण आणि सगळी हातशिलाई आत्याकडे. नणंद-भावजयीत विळ्याभोपळ्याएवढं सख्य असतं असं म्हणतात. या दोघींचं मात्र सुई-दोऱ्यासारखं होतं. एकीवाचून दुसरीचं काम पुढं सरकायचं नाही.

मला आणलं ते चैनीसाठी नव्हे. एका उन्हाळ्यात वहिनी कुणाच्या तरी लग्नाचा पोशाख शिवत होती. फिकट रंगाचं, महागाचं रेशीम. तिच्या कपाळावरचा घामाचा थेंब त्यावर पडला आणि डाग काही केल्या निघाला नाही. तिनं पदरमोड करून नवीन कापड आणलं आणि पोशाख पहिल्यापासून शिवला. शिवताना तिनं कपाळाला रुमाल घट्ट बांधला होता. दादांनी ते पाहिलं आणि त्याच आठवड्यात मला घेऊन आले.

मला बसवायला जे मेकॅनिक आले ते अंगानं किरकोळ होते, केस नुकतेच पांढरे होऊ लागलेले. कुणी काही सांगू लागलं की ते हात वर करून 'थांबा' म्हणायचे, हातातला पाना खाली ठेवायचे आणि मग ऐकायचे. लेकीनं पहिल्याच दिवशी त्यांचं नाव थांबाकाका ठेवलं. त्यांनी मला खिडकीत बसवलं, माझं पाणी घरात येऊ नये म्हणून मागं किंचित उतार दिला, आणि निघताना वहिनीला एकच गोष्ट बजावली. या खोलीत कापडाची तूस फार उडते, तेव्हा जाळी वरचेवर धुवत जा, नाहीतर या बिचाऱ्याचं नाक चोंदेल.

ती खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. माझ्या समोरच्या भिंतीशी शिलाई मशीन, बाजूला इस्त्रीचं मेज, कोपऱ्यात बिनडोक्याचा कापडी पुतळा. जमिनीवर कापडाच्या चिंध्या, खडूचे तुकडे आणि कितीही वेचल्या तरी उरणाऱ्या टाचण्या. माझ्या अगदी खाली आत्याची खुर्ची होती. तिथं उजेड चांगला, म्हणून तिनं ती जागा धरली आणि थंडीची तक्रार करत का होईना, सोडली नाही. आत्याची तऱ्हाच वेगळी होती. उन्हाळा तिला फक्त कॅलेंडरात दिसायचा. भर दुपारी तिच्या पायांत मोजे आणि खांद्यावर शाल. माझ्या थंडाव्याच्या बटणावर एकपासून दहापर्यंत आकडे होते. वहिनीला सात हवं असायचं, आत्याला तीन. शेवटी पाचावर तह झाला आणि तो कितीतरी वर्षं टिकला.

काय दिवस होते ते! गिऱ्हाइकं कपड्याचं माप द्यायला यायची आणि गार वाऱ्यात बसून गप्पा मारत राहायची. एक आजोबा तर एकाच पॅन्टचं तेच बटण लावून घ्यायला तीनदा आले. आत्या म्हणाली, बटण ते घरून उपटून आणत असावेत. लेक परीक्षेच्या दिवसांत पुस्तकं घेऊन कापडाच्या ढिगावर पडून राहायची. दर पंधरवड्याला माझी जाळी काढून नळाखाली धुण्याचं काम तिचंच. जाळीवर त्या पंधरवड्यात शिवलेल्या सगळ्या कपड्यांचे रंग साचलेले असायचे. निळे गणवेश झाले की निळी तूस, लग्नसराईत लाल. ती जाळी धुऊन परत बसवायची तेव्हा मला असं काही मोकळं वाटायचं की विचारू नका. दादा घरात शिरले की आधी माझ्यासमोर उभे राहून शर्टाचं वरचं बटण सोडायचे आणि म्हणायचे, घरातला सगळ्यात गुणी प्राणी हाच. त्यावर आत्या आणि वहिनी एकमेकींकडे बघून हसायच्या.

लेक मोठी झाली, शिकायला दुसऱ्या गावी गेली. घरात तिघं उरली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते सारं सुरू झालं.

प्रथम वहिनीनं बटण सहावर नेलं. मग आठवर. मग एका सकाळी दहावर नेलं आणि म्हणाली, या एसीत आता दम राहिला नाही. मी चक्रावलो. मी तर नेहमीसारखाच चालत होतो, बटण वाढलं तसा जास्तच राबत होतो. आत्याचं तर हात आखडून काज होईना. तिनं बटण पाचावर आणलं. वहिनीनं ते पुन्हा दहावर नेलं. हा खेळ दिवसातून कितीदा चालायचा. वहिनी मुळात शांत स्वभावाची. पण त्या दिवसांत ती बारीकसारीक गोष्टींवरून चिडायची, कात्री मेजावर आपटायची, मागाहून स्वतःच ओशाळायची. एकदा आत्या म्हणाली की अशा गारठ्यात माझी बोटं गोठतात. वहिनीनं तिच्याकडे न बघता सांगितलं की ज्यांना गारठतं त्यांनी दुसरीकडे बसावं.

आत्यानं सुयांची डबी उचलली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसली. माझ्या खालची खुर्ची रिकामी झाली. त्या दिवसापासून दोघींनी अबोला धरला. शिवलेला कपडा काज-बटणाला स्वयंपाकघरात न्यायचा आणि झाला की परत आणायचा, हे काम दादांकडे आलं. अडकित्त्यात सापडलेल्या सुपारीसारखी त्यांची गत झाली. त्यांनी ठरवलं की बिघाड माझ्यातच आहे. त्यांचंही चुकलं असं कसं म्हणू? माणसांतला बिघाड काढण्यापेक्षा यंत्रातला काढणं कुणालाही सोपंच वाटतं.

थांबाकाकांचं दुकान तोवर दुसरीकडे गेलं होतं. दादांनी जवळच्या एका मेकॅनिकला फोन केला आणि सांगितलं, एसीतला गॅस संपलाय, भरून द्या. आजार दादांनीच सांगितला आणि औषधही दादांनीच. मग तपासणार कोण? तो मेकॅनिक आला तो फोन कानाला लावूनच. माझ्यापुढं येऊन वारा किती गार लागतो तेही त्यानं पाहिलं नाही. माझ्या मागच्या नळीला त्यानं तोंड पाडलं, नळी जोडली आणि गॅस सोडला. मित्रांनो, पोटभर जेवलेल्याला कुणी नाक दाबून आणखी भरवावं, तसं झालं मला. काही वेळानं तो म्हणाला की आता बर्फासारखं होईल, आणि फोनवर बोलतच जिना उतरला.

आता मात्र मी खरोखरच आजारी पडलो. कॉम्प्रेसर तापायचा, कण्हायचा, भर दुपारी दमून बंद पडायचा आणि निवला की पुन्हा सुरू व्हायचा. मी म्हणत होते ना, असं वहिनी म्हणाली. तिच्या आवाजात थोडं समाधानही होतं, कारण इतक्या दिवसांनी तिचं म्हणणं सगळ्यांना पटत होतं. पण त्यामुळे खरी गोष्ट आणखी खोल गाडली गेली.

मग एका मोठ्या दुकानाकडून एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात काचेच्या पाटीसारखा टॅब. त्यानं माझं वय विचारलं, थोडा वेळ आवाज ऐकला आणि सांगितलं की कॉम्प्रेसर जायला आलाय, यावर खर्च करू नका. तो खोटं बोलत नव्हता. माझा आवाज तसा येतच होता. पण तो आवाज कशामुळे येतोय, हे त्यानं शोधलं नाही. नव्या एसीचं रंगीत पत्रक इस्त्रीच्या मेजावर ठेवून तो गेला. संध्याकाळी दादा ते उलटसुलट करून पाहत होते. मला भंगाराचे दिवस दिसू लागले.

त्याच आठवड्यात वहिनीच्या हातून एक कोट कापताना बिघडला. कात्री मध्येच वाकडी गेली आणि पाठीच्या तुकड्याला खोक पडली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. घामानं कात्री सटकली, असं तिनं दादांना सांगितलं. पण मी समोरच होतो. कात्री सटकली नव्हती, तिचा हात थरथरला होता. मला ते दिसत होतं आणि सांगायला तोंड नव्हतं. मला सगळ्यात जास्त सलतं ते हेच.

आत्यानं तो वाया गेलेला तुकडा टोपलीत पाहिला आणि उचलून बाजूला ठेवला. पण मनाशी तिनं काहीतरी ठरवलं असावं. दुसऱ्या दिवशी ती दादांना म्हणाली की तिच्या मैत्रिणीच्या गावी शिवणाच्या वर्गावर शिकवायला बाई हवी आहे, राहायची सोयही आहे. एवढा महिना संपला की मी जाईन, असंही तिनं सांगितलं. खोलीतून निघताना एवढं मात्र म्हणाली, की एसी टाकायचाच असेल तर ज्यानं बसवला त्याला तरी एकदा विचारून बघा.

दादांनी शोध घेतला आणि थांबाकाका आले. आता केस पूर्ण पांढरे, जिना चढल्यावर धाप लागलेली. त्यांनी मला ओळखलं. दादा सांगू लागले की कॉम्प्रेसर गेलाय. वहिनी म्हणाली, गॅस टिकत नाही. स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला की त्याला काहीही झालेलं नाही. काकांनी नेहमीसारखा हात वर केला.

"थांबा. काय बिघडलंय ते शोधायला मी आलोय. तुम्हाला काय जाणवतं तेवढंच सांगा. कधीपासून, कोणत्या वेळी, कुठं बसल्यावर."

मग एकेकानं सांगितलं. काकांनी आधी गार वाऱ्यासमोर हात धरला, मग खिडकीतून वाकून मागच्या गरम वाऱ्यासमोर धरला. मग दादांच्या मदतीनं मला खाली उतरवलं. जमिनीवर जुनी चादर अंथरली होती. मऊ ब्रशनं त्यांनी माझ्या पातळ पत्र्यांमधली वर्षानुवर्षांची तूस काढली, धुतली, वाकलेली पाती सरळ केली. मग नळीला मीटर लावला आणि दादांना जवळ बोलावून काटा दाखवला. गॅस कमी नव्हता, जास्त होता. त्यांनी तो थोडा थोडा करून कमी केला, नळीला पाडलेलं ते तोंड नीट बंद केलं, आणि कॉम्प्रेसरचा सूर लागला. दोन कामं होती, ती झाली, असं ते म्हणाले. संध्याकाळी दादांनी ते रंगीत पत्रक फाडून टाकलं. मी पुन्हा घरातला गुणी प्राणी झालो.

पण चारच दिवसांनी वहिनी माझ्या अगदी खाली, आत्याच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसली. वारा थेट तिच्या मानेवर पडत होता आणि तिचा ब्लाउज पाठीवर घामानं भिजला होता. ती म्हणाली, अजूनही थंड होत नाही. दादांचा तोल सुटला. त्यांनी थांबाकाकांना फोन लावून नको ते सुनावलं. नुसता धुऊन गेलात, वय झालं असेल तर कामं घेऊ नका, असंही म्हणाले. काकांनी ऐकून घेतलं आणि येतो म्हणाले.

ते आले तेव्हा त्यांच्या तोंडावर राग नव्हता, पण हसूही नव्हतं. त्यांनी एक थर्मामीटर माझ्यात हवा शिरते तिथं धरला, दुसरा गार हवा निघते तिथं. दोन्ही आकडे त्यांनी दादांना वाचायला लावले. जेवढा फरक असायला हवा तेवढा होता. मग काकांनी पिशवी बाजूला ठेवली, एक स्टूल ओढलं आणि ते बसले. जरा वेळ बसतो, एवढंच म्हणाले. इतक्या मेकॅनिकांपैकी माझ्या खोलीत नुसतं बसणारे तेच पहिले. हळूहळू त्यांनी दुमडलेल्या बाह्या खाली सोडल्या. दादांनी हात छातीशी घेतले. आत्या शाल पांघरून दाराशी उभी होती. आणि वहिनी घाम पुसत होती.

"वहिनी, मशीन बरोबर चालतंय," काका म्हणाले.

"म्हणजे मी खोटं बोलते?" वहिनीचा आवाज फुटला. "महिनोन्महिने सगळ्यांना हेच वाटतंय. मला खरंच सहन होत नाही हो."

"खोटं कोण म्हणतंय? तुम्हाला गरम होतंय, ते मला दिसतंय. पण त्याचं कारण माझ्या पिशवीत नाही. यापुढं मी याचा एक स्क्रू जरी खोलला, तरी ती तुमची फसवणूक होईल."

डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून वहिनीनं सुई उचलली आणि दोरा ओवू लागली. दोरा सुईच्या एकदा या बाजूनं गेला, एकदा त्या बाजूनं. तिनं तो ओठांत ओला केला, पुन्हा धरला. पुन्हा चुकला. आत्या दारातून बघत होती. वहिनी बोलता बोलता, न बघता दोरा ओवायची, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? ती आत आली. किती दिवसांनी आत आली! तिनं सुई घ्यायला हात पुढं केला आणि सुई न घेता वहिनीचं मनगटच धरलं.

"दादा, हिचा हात बघ. चटका बसतोय. आणि थरथरतोय किती."

दादा उठले. आत्या वहिनीच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू बऱ्याच काळानं बघत होती. मग पडलेल्या आवाजात म्हणाली, "हिच्या ब्लाउजचे हुक मी या उन्हाळ्यात दोनदा आत घेतले. मला वाटलं, हौसेनं बारीक होतेय."

मेजावरची टेप घेऊन तिनं वहिनीच्या कमरेला लावली. साऱ्या जगाची मापं त्या खोलीत घेतली जायची, वहिनीचं माप मात्र इतक्या दिवसांत कुणी घेतलं नव्हतं. आत्यानं आकडा वाचला, टेप पुन्हा लावून पुन्हा वाचला, आणि मोठ्यानं न सांगता टेप गुंडाळली. थांबाकाका पिशवी उचलून दाराकडे गेले. जाताना दादांना हळूच म्हणाले की डॉक्टर गाठा, आजच गाठा.

मी खिडकीतलं यंत्र. दवाखान्यात काय झालं ते मी पाहिलं नाही. पण परत आल्यावर खोलीत जे बोलणं झालं ते मी ऐकलं. गळ्यापाशी थायरॉइड नावाची एक ग्रंथी असते. वहिनीची ती ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त काम करत होती. त्यामुळे अंगाची आग, घाम, थरथर, चिडचिड, वजन उतरणं. काळजाचे ठोकेही फार वाढले होते. आणखी काही महिने असेच गेले असते तर जिवावर बेतलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आता औषधं लागू पडतील, पण धीर धरायला हवा.

दादा औषधं आणायला गेले. आत्यानं स्वयंपाकघरातून सुयांची डबी आणली आणि माझ्या खालच्या खुर्चीत बसली.

"तुम्हाला थंडी वाजते म्हणून तुम्ही सांगत होता," वहिनी म्हणाली. "मी ऐकलंच नाही."

"तुला गरम होतं म्हणून तूही सांगत होतीस. मी तरी कुठं ऐकलं?"

एवढंच बोलणं झालं. पण आत्या मैत्रिणीच्या गावी गेली नाही. दादा दुसऱ्या दिवशी थांबाकाकांच्या घरी जाऊन आले. येऊन म्हणाले की मी माफी मागायला गेलो आणि ते बिचारेच इतके ओशाळले की शेवटी आम्ही एसीच्या जाळीबद्दलच बोलत बसलो.

औषधांना वेळ लागला. वहिनी कधी थकून मशीनवरच डोकं टेकायची, कधी पुन्हा चिडायची. आता आत्या उलट बोलायची नाही, शाल घट्ट करून घ्यायची. बटण दहावरच होतं. मीही जीव तोडून चालत होतो. मग पुढं केव्हातरी, एका साध्याशा दुपारी, वहिनी कापता कापता थांबली. तिनं दंडावरून हात फिरवला, उठली, माझ्यापाशी आली आणि बटण खाली आणलं.

"आत्या, आज जरा गारठलंय, नाही?"

आत्यानं काजावरून मान वर केली नाही. पण तिचा पुढचा टाका पडायला बराच वेळ लागला. मित्रांनो, आयुष्यात माझं कौतुक पुष्कळ झालं. पण 'गारठलंय' या एका शब्दानं जे सुख दिलं, त्याची सर कशालाच नाही.

त्यानंतरही आम्ही बरीच वर्षं एकत्र काढली. थांबाकाका वर्षातून एकदा मला धुवायला यायचे, चहा घेऊन जायचे. मग त्यांच्याच्यानं जिना चढवेना, तेव्हा त्यांनी येणं थांबवलं. वहिनी आणि आत्या यांचेही डोळे दमले. मोठी कामं त्यांनी बंद केली. पुतळा कुणाला तरी देऊन टाकला. लेकीनं आईबाबांच्या खोलीत भिंतीवरचा नवा एसी बसवला, ज्याचा आवाजच येत नाही. शिवणखोलीत कुणी फारसं येईनासं झालं. माझ्यावर आधी कापडी खोळ चढली, मग धूळ. मागच्या बाजूला एका पाखरानं काड्या आणून ठेवल्या, अंडी घातली, पिल्लं उडून गेली. उन्हाळे आले आणि गेले. कुणी बटण फिरवलं नाही. राग नाही आला मला, पण दुपार झाली की वाटायचं, आता कुणीतरी दार उघडून आत येईल आणि शर्टाचं वरचं बटण सोडेल.

शेवटी लेकीनं मला उतरवलं. भंगारवाल्यानं मागितलं होतं, पण तिनं मला एसी दुरुस्ती शिकवणाऱ्या एका शाळेत दिलं. आता मी तिथं एका लांब मेजावर असतो. अंगावर खोका नाही, सगळी आतडी उघडी. मास्तर माझ्यात मुद्दाम बिघाड करून ठेवतात, एखादी तार सोडतात, एखादा भाग काढतात, आणि मुलंमुली तो शोधून काढतात. पोरं हुशार आहेत. माझ्या तारांशी त्यांची बोटं मजेत खेळतात. माझा गार वारा मात्र कुणाच्याच अंगावर जात नाही, समोरच्या भिंतीवर जातो.

परवा एका मुलीनं बिघाड शोधायच्या आधीच हात वर केला.

"सर, हा कुणाच्या घरी होता?"

वर्ग हसला. मास्तरांनी माझ्या पाठीवरची पट्टी वाचून पाहिली. तिच्यावर माझं वजन आहे, विजेचा दाब आहे, गॅस किती लागतो ते आहे. मास्तर म्हणाले, ते काही यावर लिहिलेलं नाही. मुलगी खाली बसली.

लिहिलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. म्हणून तुम्हाला सांगितलं.

मित्रांनो, आमची जाळी धुवत जा. आम्हाला श्वास घेऊ द्या. मेकॅनिक घरी आला तर त्याला बिघाडाचं नाव सांगू नका, तुम्हाला काय होतंय ते सांगा, आणि तो बघत असेल तेव्हा त्याला घाई करू नका. तुमच्यापैकी कुणी उद्या मेकॅनिक झालं, तर पिशवी उघडण्याआधी थोडं ऐकून घ्या. आणि घरातलं एखादं माणूस सारखं म्हणत असेल की गरम होतंय, तर एसीकडे सगळे बघतीलच. तुम्ही त्या माणसाकडे बघा.